दुसऱ्या मामाची खुर्ची

"हे आर्सेनिक तू कुठून आणलंस?" बारब्दे सरांनी विचारलं.

"घरून," मी म्हणालो.

सरांनी हातातली नळी स्टँडमध्ये ठेवली. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी घरून बिबट्या आणलाय असं म्हणालो असतो तरी त्यांनी इतकंच केलं असतं.

"घरून म्हणजे?"

"पप्पांच्या कपाटातून. पप्पा होमिओपॅथीचे डॉक्टर आहेत ना. आर्सेनिकम अल्बम, तीस पोटेन्सी."

सोनल मेश्राम तेव्हा सिंकपाशी हातमोजे काढत होती. एक निघाला, दुसरा अर्ध्यात राहिला.

"ढेंगळे," ती फार हळू म्हणाली. ती मोठ्यानं ओरडते तेव्हा काही होत नाही, हळू बोलते तेव्हा जपून राहावं लागतं. "बाटलीवर तू 'आर्सेनिक, घरचं' असं लिहून दिलं होतंस."

"घरचंच होतं."

"मला वाटलं घरचं म्हणजे आपल्या डिपार्टमेंटचं!"

"डिपार्टमेंटला मी घर कधी म्हणालो?"

"तीन आठवडे! तीन आठवडे मी झोपेत रडून राहिले की माझं डिझाइन मेलं म्हणून!"

सर खुर्चीवर बसले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, ठसक्यात त्यांनी फळ्यावर एकापुढे शून्यं काढायला सुरुवात केली आणि फळा संपला. मुद्दा असा होता की तीस पोटेन्सी म्हणजे तीस वेळा शंभर-शंभर पट पातळ केलेलं. पृथ्वीएवढा लाडू वळून त्यात हे औषध मिसळलं असतं, तरी आर्सेनिकचा एक कण दाताखाली आला नसता. आणि आम्ही तीन आठवडे त्याचे थेंब बॅक्टेरियांना पाजून, 'बघा बरं, ओळखीचं वाटतंय का?' असं विचारत होतो. बॅक्टेरिया प्रामाणिक होते. ते नाही म्हणत होते.

याला आता सात-आठ वर्षं झाली. आम्ही अमरावतीला एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि एका स्पर्धेसाठी बॅक्टेरियाच्या जनुकाचा एक नवा भाग बनवत होतो. पाण्यात आर्सेनिक असेल तर बॅक्टेरिया निळे व्हावेत, नसेल तर होऊ नयेत, एवढीच अपेक्षा. एवढ्याच अपेक्षेवर लोकांचे संसार मोडतात, हे तेव्हा कळत नव्हतं.

ते कसं चालायचं ते मी सगळ्यांना लग्नाच्या भाषेत सांगायचो, कारण शास्त्राच्या भाषेत मलाही नीट कळत नसे. मांडवाच्या दारात खुर्ची टाकून नवरीचा मामा बसलाय. तो बसलाय तोवर दार बंद. नवरदेव आला की मामा उठतो, त्याला मिठी मारतो, दार मोकळं होतं आणि मागची वरात आत घुसते. बॅक्टेरियाच्या डीएनएत असंच एक दार असतं. त्यात बसलेलं प्रथिन म्हणजे मामा, आर्सेनिक म्हणजे नवरदेव. निसर्गानं त्या दारामागे आर्सेनिक बाहेर फेकायची सोय ठेवलेली असते. आम्ही तिथे निळ्या रंगाचं जनुक जोडलं. वरात निळी.

आमच्या पहिल्या डिझाइनमधल्या मामाला मात्र अधूनमधून पान खायला उठायची सवय होती. नवरदेवाचा पत्ता नसताना वरात आत. नळाचं पाणी निळं, डिस्टिल्ड वॉटर निळं, आणि गंमत म्हणून टाकलेला सरांचा चहाही निळा. त्या दिवशी सर कुणाशी बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवसापासून चहा बाहेर पिऊ लागले.

मग सोनलनं उपाय काढला. पहिल्या दाराच्या थोडं आत, रंगाच्या जनुकाच्या अगदी तोंडाशी, मामाला बसायला आणखी एक जागा करून द्यायची. दुसरी खुर्ची. एक मामा पान खायला उठला तरी दुसरा बसलेला. तिनं महिनाभर अक्षरं जुळवून तो भाग आखला, मागवला, बॅक्टेरियात घातला. पाणी पांढरंच राहिलं. आम्ही नाचलो. मग मी घरचं आर्सेनिक आणलं आणि तेही पांढरंच राहिलं, तेव्हापासून ती झोपेत रडत होती.

"आता खरं आर्सेनिक आहे," सर डोळे पुसत म्हणाले. आमचा अर्ज खरेदी समितीकडे आराम करत होता, म्हणून त्यांनी ओळखीच्या एका प्रयोगशाळेतून पातळ द्रावणाची छोटीशी बाटली सही करून आणली होती. "आज पहिल्यांदा नीट कळेल, तुमचा मामा जिवंत आहे की नुसता खुर्चीला चिकटलाय."

तेवढ्यात आईचा फोन आला.

"कपिल, पप्पाले गुल्हान्याच्या अरविंदनं धरून ठेवलं रे. दवाखान्याच्या ओट्यावर हे गर्दी! म्हणते, डॉक्टरनं माह्या मायले आर्सेनिक देल्लं."

आईला सावकाश बोलायला लावलं तेव्हा सगळं बाहेर आलं. आमचं गाव बसनं तासाभरावर. अरविंद गुल्हाने म्हणजे गावातल्या कृषी केंद्राचा मालक, बी-बियाणं आणि फवारणीची औषधं विकणारा. त्याची आई, गुल्हानेआजी, पप्पांची सगळ्यात जुनी पेशंट. आजीला पहाटेपासून उलट्या सुरू होत्या. पप्पांनी घरी जाऊन नाडी पाहिली आणि एकही गोळी न देता ऑटो बोलावून सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिथे सलाईन लागलं. पण आजीच्या उशाखाली मागच्या महिन्यातली गोळ्यांची बाटली सापडली, आणि तिच्यावर नाव होतं.

इथेच घोटाळा झाला. होमिओपॅथीचा डॉक्टर बाटलीवर औषधाचं नाव लिहीत नाही. सकाळी चार, संध्याकाळी चार, कांदा-लसूण-कॉफी बंद, बास. तो त्यांचा कुळाचारच आहे. पण मागच्या महिन्यात याच अरविंदनं काउंटरवर हात आपटून सांगितलं होतं की नाव लिहा, ग्राहकाचा हक्क आहे. पप्पांनी मग सुवाच्य अक्षरात लिहून दिलं होतं. आर्सेनिकम अल्बम.

"त्यानं मोबाइलात पाह्यलं. उंदीर मारायचं असते म्हणते ते," आई म्हणाली. "ठाण्यात चाल म्हणते. पप्पा गपचूप उभे हायेत. काही बोलतच नाहीत बाप्पा."

"आई, त्यांना सांग ठाण्यात नको, इकडे या. बाटली घेऊन या. आमच्याकडे आर्सेनिक ओळखायची सोय आहे."

"चालते का ती सोय?"

मी सोनलकडे पाहिलं. तिच्या एका हातात अजून हातमोजा होता.

"आज कळेल," मी म्हणालो.

खरं तर मला बॅक्टेरियाच डब्यात घालून गावाला न्यायचे होते. सर म्हणाले, "जनुक बदललेले जंतू या खोलीबाहेर जाणार नाहीत. नियम आहे. डॉक्टर आत येऊ शकतात, त्यांच्यावर बंदी नाही."

अकराच्या सुमारास कॉलेजच्या फाटकात कृषी केंद्राचा पिकअप थांबला. अरविंद एकटाच चालवत होता. शेजारची सीट रिकामी होती. आरोपीला शेजारी बसवायचं नाही म्हणून त्यानं पप्पांना मागे, खताच्या पोत्यांवर बसवलं होतं. पप्पा उतरले. इस्त्रीचा शर्ट, पाठीला युरिया, आणि गळ्यात स्टेथोस्कोप तसाच.

"प्रवास कसा झाला?" मी विचारलं.

"हवेशीर," पप्पा म्हणाले.

अरविंदनं खिशातून रुमाल काढला. रुमालाला चार गाठी. आत बाटली.

"हे पाहा सर, मी शिकेल माणूस हाय," तो बारब्दे सरांना म्हणाला. "मले कोणाची बदनामी करायची नाही. पण माह्या मायच्या पोटात विष गेलं असन, तं मी कोणाले सोडणार नाही."

त्याचा आवाज 'माय' या शब्दावर फाटला. मी सकाळपासून त्याच्यावर चिडून होतो, ते जरा अवघड झालं.

सोनलनं अरविंदला समजावत बॅक्टेरियांच्या चार नळ्या मांडल्या. पहिलीत नुसतं पाणी. दुसरीत खरं आर्सेनिक. तिसरीत आजीच्या गोळ्या विरघळवून.

"आन् गोळ्यायनंच तुमचे जंतू मेले तर?" अरविंदनं विचारलं. "मंग तं पांढरंच राहीन ना. आमच्या धंद्यात असं होते. पावडर खराब असली का कीड मरत नाही, आन् कंपनी म्हणते कीडच नव्हती."

"म्हणून ही चौथी," सोनल म्हणाली. "हिच्यात गोळ्या पण आणि खरं आर्सेनिक पण. ही निळी झाली म्हणजे गोळ्यांनी जंतूंना काही केलेलं नाही."

अरविंदनं तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "पोरी, तू कृषी खात्यात काहून नाही जात?"

सरांनी नळ्या उबेच्या पेटीत ठेवल्या. आता दुपार टळेपर्यंत काहीही करता येण्यासारखं नव्हतं. अरविंद त्या पेटीसमोर स्टूल टाकून बसला, मामासारखाच. चहा दिला तर म्हणाला, "इथला नको." सर म्हणाले, "मीही पीत नाही." त्यावर दोघांची थोडी मैत्री झाली.

मी पप्पांना कँटीनमध्ये घेऊन गेलो. त्यांनी बिनसाखरेचा चहा मागवला आणि त्यात बराच वेळ चमचा फिरवत राहिले.

"निळी होईल का रे?"

"कोणती?"

"आपली."

मी त्यांना मांडव, मामा, नवरदेव सगळं सांगितलं. तीन गोष्टी होऊ शकतात, म्हणालो. चारही पांढऱ्या राहिल्या तर मामा मेलेला, काहीच सिद्ध होत नाही, अरविंदभाऊ ठाण्यात जातो. चारही निळ्या झाल्या तर मामा पुन्हा पान खायला उठलाय, आणि ते अरविंदभाऊला समजावेपर्यंत तुम्ही ठाण्यात जाता.

"आणि तिसरी?"

"फक्त दुसरी आणि चौथी निळी होते. म्हणजे तुमच्या बाटलीत आर्सेनिक नाही."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

पप्पांनी चमचा बशीत ठेवला. "म्हणजे विषातून सुटायचं आणि साखरेत अडकायचं."

सकाळी सरांनी फळाभर काढलेली शून्यं माझ्या डोळ्यांसमोर होती. पप्पांचा दवाखाना सुरू झाला तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. माझी फी, माझे बूट, मी ज्या मायक्रोस्कोपला नाक लावून बसायचो तिथवरचा सगळा रस्ता त्या पांढऱ्या गोळ्यांचा होता. आणि मी माझ्याच वर्गमैत्रिणीच्या मामाकरवी त्या गोळ्यांत काहीच नाही हे साऱ्या गावासमोर शाबीत करायला बसलो होतो. वाचवायला म्हणून.

"पप्पा, तो स्टेथोस्कोप तरी काढा," मी म्हणालो.

त्यांनी काढला, घडी केली, खिशात घातला. थोड्या वेळानं परत गळ्यात घातला.

"राहू दे," म्हणाले. "असला की बरं वाटतं."

चार वाजायच्या आत सोनल धावत आली. तिच्या तोंडावरून काहीच कळत नव्हतं, कारण तिनं मास्क घातला होता.

"चला."

"काय झालं?"

"चला म्हटलं ना!"

खोलीत अरविंद स्टुलावरून उठून उभा होता. सरांनी स्टँड पांढऱ्या कागदासमोर धरला.

पहिली पांढरी.

दुसरी निळी. अशी तशी नाही, पोळ्याच्या बैलाच्या झुलीसारखी ठसठशीत निळी.

तिसरी पांढरी.

चौथी निळी.

सोनल मटकन जमिनीवर बसली. "बसलाय," ती म्हणाली. "दोन्ही खुर्च्यांवर बसलाय मेला. आणि बोलावल्यावर उठला!" आणि मग ती जागेपणी रडली. सर तिला पाणी द्यायला गेले, पण हाताशी असलेल्या सगळ्या पाण्यात काही ना काही घातलेलं होतं.

मी श्वास सोडला. सकाळी घेतलेला असावा.

अरविंद तिसऱ्या नळीला नाक लावून पाहत होता. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं.

"म्हणजे हिच्यात आर्सेनिक नाही."

"नाही," सर म्हणाले.

"थोडंसंही नाही?"

"नाही."

"पण बाटलीवर तं लिहिलं हाय."

तो हळूहळू पप्पांकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावरचा राग गेला होता आणि त्या जागी काय आणावं हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"डॉक्टर, मंग हिच्यात हाय तरी काय?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे दोन-तीन वाक्यं तयार होती, सगळी खोटी.

"साखर," पप्पा म्हणाले.

ओला टॉवेल दोरीवर टाकावा इतक्या सहज त्यांनी ते टाकलं.

"तीस पोटेन्सीत पदार्थ उरत नाही, अरविंद. आम्हाला पहिल्याच वर्षी गणित घालतात. पदार्थ जातो, गुण राहतो, असं आमचं शास्त्र म्हणतं. गुण या पोरांच्या नळीत दिसतो की नाही, मला माहीत नाही."

"मंग तुम्ही आमच्या मायले इतके वर्षं देलं काय?"

"पथ्य दिलं. तळलेलं बंद, रात्रीचं जेवण हलकं, दुपारी झोप. पण नुसतं पथ्य कोणी घरी नेत नाही रे. बाटली नेतात. बाटलीबरोबर थोडं पथ्यही जातं." ते थांबले. "आणि जिथे बाटलीचं काम नाही, तिथे मी ऑटो बोलावतो. सकाळी तुझ्याच दारात बोलावला."

अरविंदनं खाली पाहिलं. सकाळचा ऑटो त्याला तेव्हा आठवला असावा. तो काही म्हणणार तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं घाईघाईत उचलला आणि अंगठा भलतीकडे पडून स्पीकर सुरू झाला.

"अरविंद? मले घरी ने. इथं बेचव खिचडी देतात."

गुल्हानेआजीचा आवाज खणखणीत होता. अरविंद भिंतीला टेकला.

"माय! बरी हायेस तू?"

"मले काय धाड भरली? पोटच तं होतं."

"काय खाल्लं होतं तू काल?"

"काही नाही."

"माय."

"काही नाही म्हणतो ना. मारुतीच्या पारावर रोडगे होते. चार खाल्ले."

"चार?"

"लहान होते."

मी पप्पांकडे पाहिलं. कणकेचे गोळे गोवऱ्यांवर भाजून तुपात बुडवलेले चार रोडगे म्हणजे आमच्याकडे धडधाकट गड्याचं जेवण. पप्पांचे ओठ हलत होते. ते बहुधा तूप मोजत होते.

"संगं वांग्याची भाजी?" अरविंदनं विचारलं.

"रोडग्यासंग मंग का श्रीखंड खाऊ? रात्री उरलेलेही दोन खाल्ले. आन् हे पाह्य, डॉक्टरले सांगजो नको. त्यानं मले तळलेलं-तुपाचं बंद केलं हाय."

"माय, डॉक्टर इथंच हायेत. फोन स्पीकरवर हाय."

पलीकडे खिचडीची ताटली सरकवल्याचा आवाज आला.

"मंग ठेव फोन," आजी म्हणाल्या.

हसायला सुरुवात कोणी केली ते आठवत नाही. बहुतेक पप्पांनी. मी त्यांना असं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. स्टेथोस्कोप गळ्यात डुलत होता आणि पाठीवरचा युरिया झडत होता. अरविंद हसता हसता रडत होता किंवा रडता रडता हसत होता, आणि सोनल जमिनीवरून विचारत होती की रोडगे म्हणजे नक्की केवढे असतात, जणू पुढचा भाग त्यावरच बनवायचा होता.

जाताना अरविंदनं माफी वगैरे मागितली नाही. त्यानं पिकअपपाशी जाऊन शेजारच्या सीटवरची धूळ रुमालानं झटकली, त्याच चार गाठींच्या रुमालानं, आणि दार उघडून धरलं.

"समोर बसा, डॉक्टर."

पप्पा बसले. मग काच खाली करून त्यांनी मला जवळ बोलावलं.

"ती तिसरी नळी मिळेल का रे?"

"नियम आहे पप्पा. बाहेर नेता येत नाही."

"मग फोटो?"

मी फोटो काढून पाठवला. चार नळ्या, पांढरी, निळी, पांढरी, निळी. तोच फोटो आम्ही स्पर्धेत लावला आणि आम्हाला तिसरं बक्षीस मिळालं. मार्गदर्शकांच्या भाषणात सरांनी घरच्या आर्सेनिकचा उल्लेख टाळला. सोनलनं टाळला नाही.

फोटोचं पप्पांना काय करायचंय हे मला दिवाळीत घरी गेल्यावर कळलं. दवाखान्यात पूर्वीपासून होमिओपॅथी शोधून काढणाऱ्या, टक्कल पडलेल्या एका जर्मन डॉक्टरांचा फोटो आहे, हार घातलेला. त्याच्या शेजारी, तेवढ्याच आकाराच्या फ्रेममध्ये आमच्या नळ्या होत्या. हार त्यांनाही होता. खाली पप्पांच्या सुवाच्य अक्षरात: 'आमच्या औषधात विष नाही. तपासून घेतले आहे.'

बाकावर गर्दी होती. पहिला नंबर गुल्हानेआजींचा. त्या काठी टेकत फ्रेमपाशी गेल्या आणि बराच वेळ डोळे बारीक करून पाहत राहिल्या.

"डॉक्टर, याच्यातली माही कोणती?"

"तिसरी, आजी. ती पांढरी."

आजींनी काचेला नाक लावलं.

"हिच्यात तं काहीच दिसत नाही."

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी जर्मन डॉक्टरांकडे पाहिलं.

"नाहीच आहे, आजी," पप्पा म्हणाले.

आजींनी मान डोलावली. त्यांचं समाधान झालेलं दिसलं. हळूहळू परत येऊन त्या स्टुलावर टेकल्या आणि पदराच्या टोकानं तोंड पुसलं.

"मंग दोन बाटल्या द्या," त्या म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात पारावर अजून एक पंगत हाय."